हात लावण्यास हरकत नसल्याचा दाखला मिळणेबाबत

दिनांक : १७ डिसेंबर २०१४

प्रति,
मा. आरोग्य अधिकारी साहेब,
प्राथमिक आरोग्य केंद्र, खांबलगाळ,
ता. डिचोली, गोवा.

अर्जदार : सौ. सुलोचना अनंत गवस, रा. वरचा वाडा, खांबलगाळ.

विषय : माझे पती श्री. अनंत सगुण गवस यांस हात लावण्यास, त्यांच्याजवळ बसण्यास व त्यांच्या मांडीवर मूल देण्यास कोणतीही हरकत नाही, असा सही-शिक्क्याचा दाखला मिळणेबाबत.

संदर्भ : १) याच विषयाचा माझा मागील अर्ज, जो आपल्या खिडकीवरून "असा दाखला नसतो" असे सांगून परत करण्यात आला.
२) आपण स्वतः आमच्या अंगणात उभे राहून दिलेले तोंडी आश्वासन.

महोदय,

मागचा अर्ज परत करताना खिडकीवरच्या लिपिकांनी मला सांगितले की त्यात मुद्दे नाहीत, नुसते रडगाणे आहे. म्हणून या वेळी मुद्दे घालून लिहीत आहे. मुद्द्यांच्या आत रडगाणे आलेच तर तेही मुद्द्यातच धरावे, वेगळे काढू नये.

१. अर्जदार मूळची दोडामार्गकडची. लग्न होऊन खांबलगाळात आले तेव्हा पती खाणीवरच्या ट्रकांचे मेकॅनिक होते. इंजिनाचा आवाज ऐकून कुठे बिघडले ते सांगत, आणि ते खरे निघे. मुलगा गणेश त्याच खाणीवर ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्या आणि बाप-लेक दोघे एकदमच घरी बसले. मी जुनी मॅट्रिक. वाड्यावर कोणाला नळ हवा, विजेचा मीटर हवा, पेन्शन हवी तर अर्ज लिहून घ्यायला लोक माझ्याकडे येत. माझ्या हातचे अर्ज सहसा परत येत नाहीत. आता लोक येत नाहीत. अर्ज लिहून न घेताच माणसे राहतात, पण आमच्या पायरीला पाय लावत नाहीत. हे कसे झाले ते पुढे सांगते.

२. शिमगा झाल्यावर पतींना ताप राहू लागला. दात घासले की हिरड्यांतून रक्त यायचे. अंगावर न पडता-आपटता काळेनिळे डाग उठायचे. पणजीकडच्या मोठ्या इस्पितळात हाडातला मगज काढून तपासला आणि रक्ताचा कॅन्सर आहे म्हणून सांगितले. वयाकडे आणि हृदयाकडे बघून डॉक्टर म्हणाले, जोराचा इलाज यांना झेपायचा नाही. म्हणून पोटाच्या कातडीखाली द्यायचे इंजेक्शन ठरले. महिन्यात सात दिवस सलग, मग विश्रांती, मग पुन्हा सात दिवस. रोज बसने एवढा प्रवास करून माणूस इंजेक्शनाआधीच संपला असता. तेव्हा इस्पितळाने तोड काढली आणि आपण तिला मान्यता दिलीत, त्याबद्दल आभार तेव्हाही मानले होते, आजही मानते. औषध इस्पितळातच बंद काचेच्या कपाटात तयार व्हायचे. भरलेली सिरिंज पिशवीत, पिशवी बर्फाच्या डब्यात, आणि डबा मांडीवर घेऊन गणेश बसने यायचा. आपल्या केंद्रातल्या शेवंती सिस्टर इस्पितळात जाऊन हे काम शिकून आल्या होत्या. लांब हातांचा झगा, तोंडाला पट्टी, हातमोज्यांवर हातमोजे. औषध दुधाळ असते, खाली बसते, म्हणून द्यायच्या आधी सिरिंज दोन्ही तळव्यांमध्ये हळूहळू फिरवायची. कालच्या जागेवर आज टोचायचे नाही, बाजूला सरकायचे. रिकामी सिरिंज आणि मोजे पिवळ्या कडक डब्यात टाकून तो डबा परत इस्पितळाकडे पाठवायचा. एकदा माशेलच्या पुढे बस बंद पडून गणेशला फार उशीर झाला. तयार औषधाची मुदत टळली म्हणून सिस्टरनी ते द्यायला साफ नकार दिला आणि परत पाठवले. मी त्यांच्यावर आवाज चढवला. नंतर इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितले की सिस्टरनी केले तेच बरोबर. मी जाऊन त्यांची माफी मागितली. या बाबतीत शेवंती सिस्टरांविरुद्ध माझी कोणतीही तक्रार नाही. त्यांची बदली झाली त्याबद्दल मात्र आहे, ती मुद्दा पाचमध्ये.

३. इस्पितळाने एक छापील कागद दिला. इंजेक्शननंतर दोन दिवस रुग्णाची लघवी, शौच, ओकारी उघड्या हाताने हाताळू नका. संडासात दोनदा पाणी ओता. घाण झालेले कपडे वेगळे, दोनदा धुवा. गरोदर बाईने यातल्या कशालाही हात लावू नये. औषध त्या वाटेने अंगाबाहेर पडते, म्हणून ही काळजी. आमची सून सायली तेव्हा गरोदर होती, म्हणून डॉक्टरांनी हे दोनदा बजावले. आणि त्याच बैठकीत, त्याच खुर्चीवरून, तोंडाने सांगितले की जवळ बसा, हात धरा, एका ताटात जेवा, मिठी मारा, काही होत नाही. उलट यांच्या अंगात ताकद कमी, तेव्हा लोकांपासून यांना सर्दी-ताप लागू नये एवढे बघा. साहेब, "करू नका" ते सगळे छापून मिळाले आणि "करा" ते सगळे तोंडी. छापलेले घरी आले, दाराला लागले. तोंडी सांगितलेले इस्पितळाच्या जिन्यावरच राहिले. वाड्यावर सांगायला गेले तर लोक म्हणतात, डॉक्टर माणसाला बरे वाटावे म्हणून बोलतात तसे. माझ्या अर्जाचे मूळ एवढ्यातच आहे.

४. आता घरात काय केले ते सांगते. माणसाला वेगळे कसे ठेवायचे हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. आमच्या घराण्यात बायका महिन्याला भायर बसत. मी स्वतः वसरीच्या त्याच कोपऱ्यात बसलेली आहे. चटई वेगळी, ताट-तांब्या वेगळा, कपडे वेगळ्या दोरीवर, कोणाला शिवायचे नाही. म्हणून छापील कागद वाचल्यावर मी वसरीच्या कोपऱ्यात चटई घातली, ताट वेगळे काढले, मागच्या बाजूला दुसरी दोरी बांधली. इस्पितळाने ताटाचे काही सांगितले नव्हते, चटईचेही नव्हते. पण वेगळे म्हटले की आमच्याकडे ते सगळे एकत्रच येते. सुनेच्या पोटातल्या जिवासाठी केले, आणि नीट केले. पती कुरकुरले नाहीत. समोरच्या दारूच्या तावेर्नावाल्या बाबलीने रस्त्यावरून आरोळी ठोकली, "अनंत भायर बसलो रे!" आणि सगळा वाडा हसला. पतींनी वसरीवरूनच उत्तर दिले, "चार दीस आराम गावता, तुका कित्याक दुखता?" मीही हसले. तेवढे पहिल्या महिन्यात.

पण बाईचे चार दिवस संपतात. डोक्यावरून न्हाली की ती घरात येते, चूल धरते, कोणी काही विचारत नाही. न्हाण हाच तिचा दाखला. सुतकालाही सुटायचा दिवस ठरलेला असतो. या औषधाचा विटाळ कशाने सुटतो ते आमच्या कोणाच्याच बापजाद्यांनी सांगून ठेवलेले नाही. सात दिवस आणि वरचे दोन झाले की मी पतींना न्हायला घालून आत घ्यायला बघायची, तर सून नजर खाली घालायची, आणि वाडा बघायचा. दुसऱ्या महिन्यापासून मीच आत घ्यायचे सोडले. म्हटले, पुढचे सात दिवस आलेच आहेत, चटई कशाला काढा-घाला करायची.

५. वाड्याचे हसणे कधी बंद झाले ते सांगता येत नाही. पाववाला पोदेर उंडे हातात द्यायचा, तो कठड्यावर ठेवून सायकलची घंटी वाजवून जाऊ लागला. शांताराम न्हावी पतींचा शाळेपासूनचा दोस्त. वस्तरा लागला तर रक्त थांबायचे नाही म्हणून इस्पितळाने वस्तरा बंद केला होता, पण मशीनने केस कापता आले असते. तो आला, अंगणातून चौकशी केली, डोळे पुसले आणि घरच्या घरी वापरायला एक नवा कोरा वस्तरा कठड्यावर ठेवून निघून गेला. माया होती साहेब, नाही असे नाही. ती सगळी कठड्यापर्यंतच यायची.

आपल्या केंद्रात सोमवारी लसीकरण असते. पोरांना घेऊन आलेल्या बायकांनी शेवंती सिस्टरना झग्यात आणि पट्टीत बघितले आणि तक्रार केली की जिथे आमच्या पोरांना टोचतात तिथेच गवसाचे विष उघडतात. विष उघडत नव्हते. बंद सिरिंज होती, ती जागा नंतर पुसली जायची, डबा परत जायचा. हे आपण त्या बायकांना दोन शब्दांत सांगू शकला असता. आपण डॉक्टर आहात, तुमचे त्यांनी ऐकले असते. आपण सांगितले नाहीत. आपण इंजेक्शन रुग्णवाहिकेच्या शेडमध्ये द्यायचा हुकूम काढलात. माझे पती, ज्यांनी त्याच रुग्णवाहिकेचे इंजिन दोनदा फुकट दुरुस्त करून दिले आहे, ते तिच्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून सदरा वर करत होते. सिस्टरनी यावर आपल्याशी वाद घातला आणि पुढच्या महिन्यात त्यांची बदली झाली. या दोन गोष्टींचा संबंध नाही असे आपण म्हणालात. मी नोंद घेतली.

६. चवथीला आम्ही मूळ घरी गेलो. दरवर्षी जातो. गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधायचा मान थोरल्याचा, म्हणजे पतींचा. या वर्षी ती आमच्या पोचण्याआधीच बांधून झाली होती. पतींचे पान पडवीच्याही बाहेर, अंगणात मांडले. धाकटे दीर गोपाळ यांनी जवळ न येता हात जोडून सांगितले, "दादा, तू लांबसूनच नमस्कार कर. देव समजान घेतलो." पती म्हणाले, बरे. आरती चालू असताना ते अंगणात उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि आत कोणी वळून बघत नव्हते. परतीच्या बसमध्ये त्यांनी मला विचारले, "देव समजान घेतलो, तर ह्येंका कित्याक समजत नाय?" आपल्याला याचे उत्तर येत असल्यास कळवावे.

७. दिवाळीनंतर इस्पितळातल्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना बसवून सांगितले की औषधाचा गुण येईनासा झाला आहे, रक्त पुन्हा बिघडते आहे, आता टोचून नुसता त्रास होईल. इंजेक्शने बंद केली. घरी न्या, दुखले तर गोळी द्या, ताप चढला तर लगेच आणा, खायला आवडेल ते द्या. किती दिवस, असे मी विचारले. ते म्हणाले, नवीन वर्ष बघतीलही, पण त्यावर बेत करू नका. मग मी विचारले की अंगातले औषध? ते म्हणाले, ते केव्हाच गेले, आता कसलेच मोजे नकोत, कसलीच वेगळी दोरी नको. मी म्हटले, हे लिहून द्या. ते दमलेले होते, बाहेर रांग होती. म्हणाले, मावशी, माणसाला हात लावायला कागद लागत नाही. डॉक्टर चांगला माणूस आहे. पण तो खांबलगाळात राहत नाही.

८. त्याच सुमारास सायली वाळपईला माहेरी बाळंत झाली. मुलगी झाली. अंकिता नाव ठेवले. बारशाला मी एकटी गेले. पतींनी नातीसाठी जुन्या बेअरिंगच्या गोळ्या डब्यात घालून खुळखुळा केला होता, तो विहीणबाईंनी घेतला आणि माझ्या डोळ्यांदेखत उकळत्या पाण्यात टाकला. वाईट बाई नाहीत त्या. सायली आत रडत होती. मी म्हटले, एकदा पोर घेऊन या, त्यांना बघू दे. विहीणबाई म्हणाल्या, "कागद हाडा, मागीर बघूया." म्हणजे कागद आणल्याशिवाय पोर यायचे नाही. गणेश मान खाली घालून उभा होता. तोही आता तिथेच राहतो, कोणाची तरी पिकअप चालवतो. रोज तिन्हीसांजेला फोन करतो आणि फोन पोरीच्या तोंडाजवळ धरतो. पती मोबाईल कानाला घट्ट दाबून तिचे रडणे ऐकतात. ती रडली नाही तर म्हणतात, थांब, आता रडेल. इस्पितळात मी फोन करून विचारून घेतले आहे. पोरीला पोलिओचे थेंब दिलेले असतात, म्हणून तिची दुपटी पतींनी हाताळू नयेत. बाकी मांडीवर घ्यायला काही अडचण नाही. दुपटी बदलायचे काम या माणसाने स्वतःच्या मुलाचेही केले नाही, तेव्हा तो धोका मुळीच संभवत नाही.

९. आपल्या खिडकीवरून अर्ज परत आल्यावर मी ग्रामपंचायतीत गेले. तिथे रहिवासाचा, उत्पन्नाचा, हयातीचा आणि चारित्र्याचा असे चार प्रकारचे दाखले मिळतात. हात लावण्याचा मिळत नाही. सरपंच म्हणाले, रिकाम्या हाताने जाऊ नका, आणि त्यांनी चारित्र्याचा दाखला दिला. त्यात लिहिले आहे की अनंत सगुण गवस हे सद्वर्तनी असून त्यांच्याविरुद्ध कोणताही गुन्हा दाखल नाही. मी तो वाळपईला नेऊन दाखवला. शिक्का बघून विहीणबाईंनी हात पुसून तो दोन्ही हातांनी घेतला, मग वाचून परत दिला. शिक्क्याचे वजन किती असते ते मला त्या दिवशी कळले. म्हणून शिक्काच हवा आहे.

१०. आपला वेळ वाचावा म्हणून मसुदा मीच लिहून देत आहे. फक्त सही करायची आहे.

"दाखला देण्यात येतो की श्री. अनंत सगुण गवस, रा. खांबलगाळ, यांची इंजेक्शने बंद होऊन पुरेसा काळ लोटला आहे. त्यांच्या अंगात त्या औषधाचा धोकादायक अंश राहिलेला नाही. त्यांचा आजार स्पर्शाने, श्वासाने, ताटातून किंवा पाण्यातून कोणासही लागत नाही व पूर्वीही लागत नव्हता. सर्दी-ताप नसलेल्या कोणाही माणसाने हात धुऊन त्यांना हात लावावा, त्यांच्याजवळ बसावे, व नात त्यांच्या मांडीवर द्यावी."

"लावण्यास हरकत नाही" एवढेच लिहिले तर पुरणार नाही. हरकत नाही असे सगळेच म्हणतात आणि लांब उभे राहतात. कृपया हुकूम असल्यासारखे लिहावे. तसेच आपण आमच्याकडे आलात तेव्हा नाकाला रुमाल लावून तुळशीजवळ उभे होतात आणि "काळजी करू नका, काही होत नाही" असे तिथूनच सांगितलेत. शेजारी बघत होते. त्यांनी आपले शब्द ऐकले नाहीत, रुमाल बघितला. त्यानंतर समोरच्या घराने आमच्या बाजूच्या खिडक्यासुद्धा बंद केल्या. तेव्हा दाखला द्यायला माणूस न पाठवता आपणच यावे आणि पतींच्या हातात हात देऊन तो द्यावा. पाच मिनिटे लागतील. चहा आपण घेणार नाही हे मी गृहीत धरते.

११. हा मुद्दा मागच्या अर्जात नव्हता.

गेल्या रविवारी दुपारी पती वसरीवरच्या बाकावरून खाली घसरले. मी आत नारळ खोवत होते. आवाज ऐकून धावले. दारापर्यंत धावले, आणि तिथे थांबले. खुंटीवरचे हातमोजे काढले आणि चढवायला लागले. हाताला घाम आणि खोबरे होते, डावा मोजा चढेना. पती जमिनीवर आडवे होते, एक पाय बाकावर अडकलेला, आणि माझ्याकडे बघत होते. मोजा चढेपर्यंत त्यांनी वाट बघितली, आणि मग म्हणाले, "चढलो? मगे उचल आता."

इस्पितळाने मोजे बंद करायला सांगून महिना उलटून गेला आहे. मला ते समजते. मी वाड्याला समजावते, विहिणीला समजावते, आपल्यालाही या अर्जात समजावते आहे. माझ्या हातांना समजत नाही. छापील कागदात उघडे हात नकोत असे होते, ते हातांनी पाठ केले आणि आता सोडत नाहीत. मोजे संपले तेव्हा मी ते साबणाने धुऊन वाळत घातले आणि पुन्हा घातले. भात त्या हातांनी वाढते, कपाळ त्या हातांनी पुसते. या माणसाला मी जवळजवळ अख्खा पावसाळा आणि अर्धा हिवाळा रबरातून हात लावते आहे. वाड्याला बोलून झाले, दिराला बोलून झाले, आपल्याला तर बरेच बोलले. पण चोवीस तास त्यांच्याजवळ मीच असते. पोदेराने उंडे कठड्यावर ठेवले त्याचे त्यांना किती लागले असेल? मी दारात थांबले त्याचे लागले, ते मी त्यांच्या डोळ्यांत बघितले.

तेव्हा विषयात दुरुस्ती समजावी. दाखला वाड्यासाठी आणि वाळपईसाठी हवाच आहे, पण पहिली प्रत माझ्या नावाने काढावी. "सौ. सुलोचना अनंत गवस हिने आपल्या नवऱ्याला उघड्या हाताने हात लावावा." मी सरकारी कागदाला आयुष्यभर मानत आले आहे. माझे हात कदाचित तुमच्या शिक्क्याचे ऐकतील.

विनंती एवढीच की हा अर्ज वरिष्ठांकडे मार्गदर्शनासाठी पाठवू नये. वरून उत्तर येईपर्यंत दाखल्यावर नाव कोणाचे घालायचे हा प्रश्न उभा राहील. दाखला टपालानेही पाठवू नये. मी उद्या सकाळी केंद्र उघडण्याआधी पायरीवर येऊन बसते. आपण नाही म्हणालात तर तसे नाही लिहून द्यावे, पण तोंडी काही सांगू नये. तोंडी सांगितलेले आमच्याकडे टिकत नाही.

आपल्या एका सहीसाठी खोळंबलेली,

(सौ. सुलोचना अनंत गवस)
वरचा वाडा, खांबलगाळ

सोबत :

१) इस्पितळाचा छापील सूचनांचा कागद. वापरून फाटत आला आहे, जपून उघडावा.

२) ग्रामपंचायतीचा चारित्र्याचा दाखला. पाहून परत मिळावा.

३) रुग्णाची संमती. ज्याच्याबद्दल दाखला हवा त्याची संमती पाहिजे, असे खिडकीवरून सांगण्यात आले, म्हणून जोडली आहे. पतींचा हात फार थरथरतो, सही होत नाही, म्हणून अंगठा घेतला. त्याबाबत खुलासा : मोजे घालून त्यांचा अंगठा धरला तर तो शाईवरून निसटत होता आणि कागदावर नुसता फराटा उठत होता. दोन कागद वाया गेले. आपल्या कचेरीत फराटा चालत नाही हे मला माहीत आहे, म्हणून मी मोजे काढले आणि अंगठा नीट धरून दाबला. ठसा स्पष्ट उठला आहे, तपासून पाहावा. त्यांचा हात गरम होता. शाई वाळेपर्यंत मी तो सोडला नाही, आणि वाळल्यावरही बराच वेळ सोडला नाही. दाखला मिळण्याआधी हे घडले, त्याची कार्यालयाने नोंद घ्यावी. माझ्या प्रतीची आता गरज राहिली नाही. पोर मात्र अजून वाळपईलाच आहे. तिची प्रत लवकर द्यावी.